शनिवारपर्यंत पंचेचाळीस हजार

«ताई, मी २४ वर्षांचा आहे. ब्रह्मपुरीपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. बीएस्सी झालो, सध्या पतसंस्थेत क्लार्क आहे, हातात साडेबारा हजार येतात. कॉलेजात दोन एकांकिका केल्या. मागचे दोन सीझन झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, एका कंपनीबरोबर लहानमोठी कामं केली, पण ते काही खरं अभिनय नव्हे हे मला माहीत आहे. मला मालिका आणि सिनेमा करायचा आहे. मागच्या महिन्यात नागपूरला एका हॉटेलात ऑडिशन झाली, त्यात माझं सिलेक्शन झालं. पोर्टफोलिओ, आर्टिस्ट कार्ड आणि मुंबईतलं तीन महिन्यांचं ट्रेनिंग मिळून ते पंचेचाळीस हजार मागतात, मालिकेत रोल नक्की म्हणतात. शनिवार शेवटची तारीख आहे. उंची पाच फूट चार इंच, भाषा आमच्याकडचीच. बाबा मंडईच्या जत्रेतलं एक नाटक चुकवत नाहीत, पण मी हे करतो म्हटल्यावर म्हणाले, नाच्याचं काम करायला शिकवलं नाही तुला. नोकरी सोडून जूनमध्ये मुंबईला येऊ का? की आधी दिल्लीच्या एनएसडीसारखं (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) काही शिकू?
– एक झाडीपट्टीकर»

शनिवारचं आधी बोलू, बाकीच्या कशालाच एवढी घाई नाही. पैसे भरू नकोस. अर्धेही नको, ‘टोकन’ म्हणून दोन हजारही नको.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्या हॉटेलात तुला नेमकं काय करायला लावलं, हे त्यात कुठेच नाही. एखादा प्रवेश दिला का? समोर कुणी संवाद बोलायला होतं? ‘हेच पुन्हा कर, पण आता चिडून नको, घाबरून कर’ असं कुणी म्हणालं? खऱ्या ऑडिशनहून परतलेली पोरं तासभर हेच बोलत असतात. मी काय केलं, कुठे अडखळलो, त्याने मला कसं थांबवलं. तुझ्या पत्रात थेट सिलेक्शन आहे आणि रक्कम आहे.

या धंद्यात पैसा कुठून कुठे जातो ते समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. मालिका किंवा सिनेमा करणारा निर्माता कास्टिंगवाल्याला नेमतो आणि त्याचे पैसे निर्माताच देतो. नटाकडून त्याने घ्यायचं काही नसतं. मध्ये कोऑर्डिनेटर नावाचा माणूस असतो. तो काम मिळवून देतो आणि तुला मिळालेल्या पैशातून त्याचे टक्के घेतो. ते घेणं रीतसर आहे, पण काम झाल्यावर आणि पैसे आल्यावर. काम मिळण्याच्या आधी नटाच्या खिशात हात घालणारा माणूस नटाला काम देत नसतो, तो नटावरच धंदा करत असतो. आणि ते कार्ड. कलाकारांची संघटना आहे, ‘सिंटा’ म्हणतात तिला, १९५८ सालची. तिचं सदस्यत्व तिच्याकडेच अर्ज करून घ्यायचं असतं, आणि ते घेतलं म्हणून काम चालत येत नाही. हॉटेलात पोर्टफोलिओबरोबर मिळतं ते लॅमिनेशन केलेला कागद.

तरी मन मानत नसेल तर त्यांना फोन करून मालिकेचं नाव, वाहिनी आणि निर्मिती संस्था विचार. उत्तर आलं तर त्या निर्मिती संस्थेच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून तिथे खात्री कर. बहुतेक उत्तरच येणार नाही, किंवा ‘ते गोपनीय असतं’ असं येईल. आणि पत्र पाठवल्यावर तू घाईत काही भरून बसला असशील तर लाजू नकोस, ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन कर. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. १९९८ साली सांगलीहून मुंबईला आले तेव्हा आईने भिशीचे सहा हजार माझ्या हातावर ठेवले होते. ते सगळे मी दादरच्या एका फोटोवाल्याला दिले. त्याने चाळीस फोटोंचा अल्बम करून दिला. नऊवारीत मी, जीन्समध्ये मी, कानाला टेलिफोनचा रिसीव्हर लावून हसणारी मी. तो अल्बम आजपर्यंत एकाही माणसाने उघडायला मागितलेला नाही. मुलगी मात्र दर दिवाळीला माळ्यावरून काढते आणि घरभर दाखवत फिरते.

आता तुझ्यावर थोडं रागावणार आहे.

‘झाडीपट्टीत लहानमोठी कामं केली, पण ते काही खरं अभिनय नव्हे.’ हे वाक्य तू कुणाच्या तोंडून उचललंस? महाराष्ट्रात तिकीट काढून, रात्रभर थंडीत बसून नाटक बघणारा प्रेक्षक अजून कुठे उरला असेल तर तो तुमच्याकडे. धानाची कापणी-मळणी होते, हातात चार पैसे येतात, दिवाळीनंतर मंडई भरते, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो, आणि होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात. वडशाला कंपन्यांची ऑफिसं आहेत, तारखा विकल्या जातात, नटाला नाइट, म्हणजे प्रयोगागणिक पैसे, मिळतात. मुंबईत प्रायोगिक नाटक करणारी माझ्या ओळखीची पोरं स्वतःच्या खिशातून रिक्षाचं भाडं घालून तालमीला जातात. तू नाइट घेऊन काम केलंस. झाडीपट्टीतल्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आणि तू ते ‘पण’ लावून सांगतोस!

दोन सीझनमध्ये तुला काय मिळालं ते मी सांगते, कारण तुला ते दिसत नाहीये. पहिलं म्हणजे पहाटे तीनला, अर्धं गाव पेंगत असताना, त्याला जागं करण्याची सवय. दुसरं जास्त कामाचं आहे. तुमच्याकडे तालमी मोजक्याच होतात आणि प्रॉम्प्टरच्या भरवशावर नाटक उभं राहतं. लोक याला नावं ठेवतात. ठेवू देत. आमच्याकडे डेली सोपच्या सेटवर काय होतं? सकाळी मेकअप चालू असताना हातात सीनचे कागद येतात, कधी तर शाई ओली असते, आणि अर्ध्या तासात दिग्दर्शक म्हणतो, चला, टेक. तीन-तीन महिने तालीम करून एकांकिका बसवणारी हुशार मुलं इथे पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतात. कान विंगेकडे आणि डोळे समोरच्यावर ठेवून वाक्य पकडणारा झाडीपट्टीचा नट इथे तगतो, हे मी सेटवर पाहिलंय.

तोटाही सांगते. आवाज. शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचवायची तुझी सवय कॅमेऱ्यासमोर ओरडण्यासारखी दिसेल, आणि हातवारे त्याहून जास्त. यासाठी वर्गाची गरज नाही. तुझ्याच नाटकातलं एक पान घे. एकदा मंडईत बोलतोस तसं बोल आणि फोनवर रेकॉर्ड कर. मग तेच पान, पतसंस्थेत काउंटरपलीकडे उभ्या माणसाला सांगावं तसं, पण आतला जोर तेवढाच ठेवून. आवाज कमी केला की तुझा जोरही कमी होईल, बघ. सगळ्यांचा होतो. तो कमी होईनासा होईपर्यंत रोज एक पान. महिनाभराने पहिलं रेकॉर्डिंग काढून बघ.

मुंबईचं. नोकरी सोडून जूनमध्ये येऊ नकोस.

मुंबईत नटाचा दिवस कसा जातो याबद्दल बाहेर फार चुकीची कल्पना असते. लोकांना वाटतं, धडपड म्हणजे धावपळ. प्रत्यक्षात ती वाट बघणं असते. अंधेरीला आरामनगरमध्ये जुन्या बैठ्या बंगल्यांमधून कास्टिंगची ऑफिसं आहेत. दारात उभा मुलगा एक नजर टाकतो आणि म्हणतो, ‘नॉट फिट’. तुझं नावही विचारत नाही. आत गेलास तर दोन तास बाकावर. ऑडिशन दिलीस तर मग फोनची वाट. फोन आला तर लूक टेस्ट, आणि पुन्हा वाट. मग काम मिळतं, सकाळी सातचा कॉल टाइम असतो आणि तुझा सीन संध्याकाळी सहाला लागतो. पंचवीस वर्षं झाली मला, मी आईची, मावशीची, शेजारणीची कामं करते, पोट भरून उरतं इतपत करते, आणि अजूनही माझ्या कामाचा बराचसा भाग वाट बघणं हाच आहे. अभिनय येणारी कितीतरी माणसं यातून परत गेली. त्यांना अभिनय कमी येत होता असं नाही, वाट बघायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

तेव्हा तू येशील तो ही सोय करून ये. हिशेब असा. नायगाव-विरारकडे किंवा मीरा रोडला कॉट बेसिसवर राहिलास, डबा लावलास, लोकलचा पास, अंधेरी-गोरेगावची रिक्षा, फोनचं रिचार्ज, तरी महिन्याला वीस हजार धरून चाल. सहा महिन्यांचे सव्वा लाख गाठीशी हवेत. शिवाय पहिल्या महिन्याचं डिपॉझिट. साडेबारा हजारांत हे जूनपर्यंत जमणार नाही, आणि कर्ज काढून तर अजिबात येऊ नकोस. हप्ता डोक्यावर असलेला माणूस ऑडिशनला बसला की डोळ्यांत दिसतं.

आणि इथे आल्यावरही नोकरी लागेल. ती नोकरी म्हणजे माघार असं समजणारी मुलं असतात, त्यांचं मला हसू येतं. निळू फुले पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम करायचे आणि सेवादलाच्या कलापथकात नाटकं करायचे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. नाटक कॉलेजपासूनच चालू होतं, पण पूर्ण वेळ रंगभूमीवर आले ते १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. तू चोविसाव्या वर्षी उशीर झाला म्हणतोयस (तू म्हटलं नाहीयेस, पण पत्रभर ते वाजतंय).

फक्त नोकरी कुठली ते बघून घे. ऑडिशनचा फोन सकाळी अकराला येतो आणि दुपारी दोनला बोलावतात. नऊ ते सहाची नोकरी इथे उपयोगाची नाही. मी सहा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होते. सकाळी सात ते बारा, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या लोकांच्या चिठ्ठ्या करायच्या. दुपार मोकळी. (माणसं किती तऱ्हांनी घाबरतात हे मी तिथे शिकले, पण ते फुकटचं.) तू बीएस्सी आहेस. सकाळच्या क्लासमध्ये गणित-विज्ञान शिकवता येईल, रात्रपाळीचं बॅक ऑफिस जमेल. मात्र रात्रपाळी करून सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी ऑडिशनला जाणारेही पाहिलेत, तेवढं सांभाळ.

वाट बघायचीच आहे तर ती कामाच्या जवळ उभं राहून बघावी. मी एका व्यावसायिक नाटकाचा कपडेपट सांभाळत होते. साड्यांना इस्त्री, ब्लाउजची हुकं, बदलाच्या वेळी विंगेत टॉवेल घेऊन उभं राहायचं. दोन वर्षं. एका रविवारी ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये दुपारचा प्रयोग होता, हाउसफुल्ल. बहिणीचं काम करणारी मुलगी तापाने फणफणली. मॅनेजरने आजूबाजूला पाहिलं तर मी उभी होते. वाक्यं मला पाठ होती. मी पाठ केली नव्हती, विंगेत उभं राहून झाली होती. तिची साडी मला आखूड होत होती, मीच सकाळी इस्त्री केलेली. पहिल्या अंकात माझा आवाज फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. पुढचे चाळीस प्रयोग ते काम माझ्याकडे राहिलं. तेव्हा इथे आल्यावर ‘मी नट आहे, बॅकस्टेज करणार नाही’ असं म्हणू नकोस. नेपथ्य लाव, बदली कलाकार म्हणून राहा, म्युझिक ऑपरेट कर. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ इथल्या विंगांमध्ये जितकी कामं वाटली जातात तितकी फोनवर वाटली जात नसतील.

शिकण्याबद्दल. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचं, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यावेतन मिळतं. प्रवेशाला पदवी लागते, वयाची अट असते, हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी लागते, आणि आधी नाटकांत काम केल्याचे पुरावे लागतात. म्हणजे ज्या दोन सीझनना तू काही समजत नाहीस, त्यांची जाहिरातपत्रकं आणि कंपनीच्या सहीचं पत्र आज गोळा करायला लाग. जागा फार थोड्या असतात, तेव्हा नाही झालं तर मनाला लावून घेऊ नकोस. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी आहे, छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे.  तुला पदवीनंतरचा अभ्यासक्रम करता येईल. माझं मत विचारशील तर थेट मुंबईपेक्षा हे बरं. तिथे शिकवतात ते तर आहेच, पण तुझ्याबरोबर बसणारी पोरं पुढे दिग्दर्शक होतात, लेखक होतात, आणि पहिली कामं त्यांच्याकडून येतात.

तीन महिन्यांची शिबिरं काही चांगली असतात, बरीचशी नसतात. शिकवणाऱ्याने स्वतः काय बसवलंय ते विचार. वर्गात किती जण आहेत, शेवटी प्रयोग होतो का, तेही विचार. शेवटी काम मिळेल म्हणत असतील तर उठून ये.

भाषेची तू उगाच धास्ती घेतलीस. तुमच्याकडे पाण्याचं ‘पानी’ होतं आणि डोळ्याचा ‘डोरा’, बरोबर? मग दोन्ही येऊ देत. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाच, ‘ण’ आणि ‘ळ’ खाली पेन्सिलीने रेघ मारून. सहा महिन्यांत जीभ वळते. पण घरची भाषा पुसू नकोस. सांगली-सातारा-कोल्हापूरची बोली मालिकांमधून इतकी चालली की मुंबईतली मुलं ती खोटी-खोटी शिकतात, आम्हाला ऐकवत नाही. झाडीबोली अजून पडद्यावर फारशी आलेली नाही. ती लागेल तेव्हा ती खरी बोलणारा माणूस शोधावा लागेल. प्रोफाइलमध्ये भाषांच्या रांगेत ‘झाडीबोली’ असं स्पष्ट लिही.

उंची पाच-चार असेल तर पाच-चारच लिही. पाच-सात लिहून आलेला मुलगा दारातच पकडला जातो आणि पुढची दोन वर्षं त्या ऑफिसात खोटारडा म्हणून लक्षात राहतो. मालिकेचा नायक म्हणून तुला सुरुवातीला कुणी घेणार नाही. हे कडू आहे, पण मी गोड करून काय मिळवू? नायकाचा मित्र, धाकटा भाऊ, तलाठी, दुकानातला पोऱ्या, हे घेतील. एका मालिकेला नायक एक लागतो, बाकीची माणसं पंचवीस लागतात.

फोटोंना पैसे घालवू नकोस. पांढरी किंवा साधी भिंत, सकाळचं ऊन खिडकीतून, मित्राच्या फोनचा मागचा कॅमेरा. एक चेहऱ्याचा, एक कमरेपर्यंतचा, एक पूर्ण, एक-एक डावी-उजवी बाजू. साधा शर्ट, गॉगल नाही, फिल्टर तर नाहीच. ओळखीचा व्हिडिओ एक मिनिटाचा: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, भाषा, दोन्ही बाजूंनी चेहरा, दोन्ही हात पुढे-मागे. त्यात गाणं टाकायचं नाही. घरून ऑडिशन पाठवायची असेल तर समोरचे संवाद वाचायला कुणीतरी घे, आणि त्याचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा येणार नाही एवढं बघ. वाचायला कुणी नाही म्हणून हवेत बघून संवाद म्हणणारे व्हिडिओ मी पाहिलेत. फार केविलवाणे दिसतात.

काम मिळाल्यावर पैसे कसे येतात तेही आत्ताच सांगून ठेवते, कारण पहिल्या मालिकेचा आनंद इथेच नासतो. मालिकेत दिवसाच्या हिशेबाने पैसे ठरतात आणि हातात येतात ते साधारण नव्वद दिवसांनी. जानेवारीत केलेल्या कामाचे एप्रिलच्या पुढे. दहा टक्के टीडीएस कापून येतात, तेव्हा रिटर्न भर, परतावा मिळतो. कित्येक नट ते पैसे वर्षानुवर्षं सरकारजमा ठेवतात. करार वाचून सही कर. महिन्याला किमान किती दिवस देणार आणि दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, या दोन ओळी शोधून वाच. आणि पंधरा दिवस सलग काम मिळालं म्हणून गावाकडे पेढे वाटू नकोस. ट्रॅक संपतो. तुझं पात्र परगावी जातं आणि परत येत नाही. माझे एकदा अकरा दिवसांचे पैसे एका निर्मात्याने बुडवले. कॉलचे मेसेज मी पुसून टाकले होते, त्यामुळे मी त्या अकरा दिवशी सेटवर होते हेच सिद्ध करता येईना. तू पुसू नकोस.

वडिलांकडे येते. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं, तेव्हापासून आमच्या गावात घरोघरी नटाला मान आहे असा बाहेरच्यांचा समज असतो. आमच्या घरी नव्हता. वडील चार वर्षं माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एका प्रयोगाला आले, मागच्या रांगेत बसले, आणि बाहेर भेटल्यावर एवढंच म्हणाले, ‘दुसऱ्या अंकात घाई करतेस.’ त्यांचं बरोबर होतं.

तुझे बाबा मंडईतलं एक नाटक चुकवत नाहीत, हे तूच लिहिलंयस. म्हणजे त्यांना नाटकाचा तिटकारा नाही, तुझ्या पोटाची काळजी आहे. ‘नाच्या’ म्हणाले ते रागाच्या भरात. (तो शब्द शिवीसारखा वापरतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी आयुष्यभर नाच्या केला, तो किती ताकदीचा होता ते बघणाऱ्यांना माहीत आहे, आणि त्यापायी पडद्याबाहेर त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं तेही.) त्यांच्याशी कलेबद्दल वाद घालू नकोस. एका कागदावर लिहून ने: इतके पैसे साठवीन, इतके महिने राहीन, या तारखेपर्यंत जमलं नाही तर काय करीन. शेतकऱ्याला एक हंगाम कोरडा जाणं समजतं, त्यासाठी बाजूला किती ठेवावं लागतं तेही समजतं.

माझ्या हिशेबाने तुझं वर्ष असं जावं. आत्ता नोकरी चालू ठेव. पावसाळ्यात पतसंस्थेतून आठ-दहा दिवसांची रजा काढ, नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेस पकड आणि नुसता बघायला ये. तीन-चार नाटकं बघ, आरामनगरच्या रांगेत एक दिवस उभा राहा, कॉट बेसिसची खोली कशी असते ते नाकाने बघ. ती बघून अर्धे लोक परत जातात, आणि त्यात काही वाईट नाही. राज्य नाट्य स्पर्धेत तुमच्या भागातला एखादा हौशी संघ उतरत असेल तर त्यात शीर, कारण तिथे तालमी भरपूर होतात, आणि तुला त्यांचीच सवय नाही. दिवाळीनंतर पुन्हा झाडीपट्टी, पण या वेळी कंपनीकडे मोठं काम माग. नाइटचे पैसे वेगळ्या खात्यात. मधल्या काळात नाट्यविभागांच्या प्रवेशाच्या जाहिराती येतील, त्यांचे अर्ज भर. होळीला सीझन संपेल तेव्हा खातं, तुझं ते रेकॉर्डिंग आणि प्रवेशाचा निकाल समोर ठेवून मला पुन्हा लिही, मग मुंबईचं बोलू.

तोवर एक काम कर. मागच्या सीझनचं एखादं शूटिंग कुणाच्या तरी फोनवर असणारच, गावात सगळे काढतात. त्यातला तुझा एक प्रवेश पाठव. आवाज खरखरला तरी चालेल, अंधार असला तरी चालेल. फक्त ज्यात तुला वाक्य नाही आणि समोरचा बोलतोय, असा निवड. मला तू ऐकताना कसा दिसतोस ते बघायचंय.